डक्टमधला स्मोक डिटेक्टर: लोहचुंबक टेकवला, दिवा लागला, म्हणजे चाचणी झाली का?

पुण्यातल्या एका व्यापारी इमारतीची देखभाल पाहणाऱ्या व्यवस्थापकांनी विचारलं आहे: इमारत सात मजली, प्रत्येक मजल्यावर दोन एएचयू (एसीची हवा ढकलणारी पंख्याची युनिट) आणि प्रत्येकाच्या डक्टवर, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यावर, एक स्मोक डिटेक्टर. एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) माणूस येतो, शिडी लावतो, डब्याला लोहचुंबक टेकवतो, लाल दिवा लागतो, फायर अलार्मच्या पॅनेलवर संदेश येतो आणि रिपोर्टवर सही होते. एवढं पुरेसं आहे का? शिवाय पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरचा डिटेक्टर दर दोन-चार दिवसांनी उगाच ट्रिप होतो, म्हणून तो पॅनेलवरून बंद करून ठेवला आहे. तो बदलावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, एवढं पुरेसं नाही. दुसऱ्याचं उत्तर, बदलण्याआधी कारण शोधा आणि तोवर तो बंद ठेवू नका. आता सविस्तर सांगतो. गेली २२ वर्षं मी फायर अलार्मच्या देखभालीत आहे आणि अख्ख्या यंत्रणेत ह्या डब्याइतकं दुर्लक्षित उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही. तो फॉल्स सीलिंगच्या वर असतो, कुणाच्या नजरेला पडत नाही, आणि तिथं पोहोचायला ट्रॅप डोअर असेलच असं नाही.

आधी हा डिटेक्टर चालतो कसा ते डोळ्यांपुढे आणा. छतावरच्या डिटेक्टरकडे धूर आपसूक चढतो. डक्टचा डिटेक्टर मात्र डक्टच्या बाहेर, डब्यात बसलेला असतो. डब्यातून दोन नळ्या डक्टमध्ये जातात. लांब नळीला ओळीनं भोकं असतात आणि ती येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून असतात. दुसरी, आखूड नळी हवा परत डक्टमध्ये सोडते. वारा भोकांवर आदळतो तिथं दाब किंचित जास्त, परतीच्या नळीपाशी किंचित कमी. एवढ्याशा फरकावर हवेची एक बारीक धार डब्यातून, म्हणजे डिटेक्टरच्या डोक्याजवळून (धूर ओळखणाऱ्या भागाजवळून), वाहत राहते. आत पंखा नाही, पंप नाही. दाबाचा तो फरक गेला की डब्यात साचलेली हवा उरते आणि डक्टमधून कितीही धूर गेला तरी डिटेक्टरला त्याचा पत्ता लागत नाही.

लोहचुंबकाने काय होतं? डोक्यातला एक छोटा रीड स्विच जुळतो आणि सर्किटला सांगतो की धूर आला आहे असं समज. त्यातून सर्किट, वायरिंग, पॅनेलवरचा पत्ता (त्या डिटेक्टरची ओळख) आणि सीलिंगखालचा रिस्पॉन्स इंडिकेटर (सूचक दिवा) ठीक आहेत एवढं कळतं. तेही कळायलाच हवं. पण हवा आत येते का आणि आलेला धूर डोक्याला दिसतो का, ह्याबद्दल लोहचुंबक एक अक्षरही सांगत नाही. भिंतीवरच्या टेस्ट स्विचचंही तेच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका ऑफिस इमारतीचं काम नव्याने हातात घेतलं तेव्हा जुने रिपोर्ट चाळले. एका एएचयूचा डिटेक्टर सलग दोन वर्षं "ओके" होता. आम्ही मॅनोमीटर (दाबातला फरक मोजणारं उपकरण) लावला तर आकडा शून्य. एएचयू जोरात चालू, तरी शून्य. नळ्या उलट्या असतील, तुंबल्या असतील म्हणून काढून पाहिल्या, तर त्या अगदी स्वच्छ. शेवटी डक्टचं इन्सुलेशन थोडं कापून मागे मागे गेलो तेव्हा कळलं की भाडेकरू बदलला तेव्हा फिटआउटमध्ये (आतल्या सजावटीच्या कामात) डक्टची वाट बदलली होती. जुना तुकडा दोन्ही बाजूंनी पत्रा मारून बंद केला होता, आणि डिटेक्टर त्या मेलेल्या तुकड्यावर तसाच होता. दोन वर्षं त्याला लोहचुंबक लावला गेला, दोन वर्षं दिवा लागला. त्या दिवसापासून मॅनोमीटरचा आकडा नसलेल्या रिपोर्टवर मी सही करत नाही.

ह्या आकड्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खरी चाचणी इथंच आहे. दोन्ही नळ्यांच्या डब्यातल्या तोंडांवर रबरी बुचातून मॅनोमीटरच्या नळ्या जोडायच्या आणि फरक वाचायचा. किती हवा ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. मी नेहमी पाहतो त्या एका प्रचलित मॉडेलला किमान ०.०१ इंच पाणी आणि कमाल १.११ इंच पाणी इतका फरक चालतो. ०.०१ इंच म्हणजे पाण्याच्या स्तंभाचा पाव मिलिमीटर, साधारण अडीच पास्कल. काचेच्या यू-ट्यूबवर हे दिसणारच नाही, तिथं एक मिलिमीटर वाचतानाच डोळे ताणावे लागतात. त्यामुळे चांगला डिजिटल मॅनोमीटर घ्या आणि वापरण्याआधी त्याचा शून्य जुळवा.

मोजताना एएचयू कुठल्या वेगाने चालू आहे हेही लिहा. हल्ली जवळपास प्रत्येक एएचयूला व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असते. दुपारी पंखा ४५ हर्ट्झवर फिरतो, संध्याकाळी लोक घरी गेले की २५ वर येतो. नवी मॉडेल्स १०० फूट प्रति मिनिट इतक्या मंद हवेतही चालतात, पण जुन्या काही मॉडेल्सना किमान ५०० फूट प्रति मिनिट लागतात. दुपारी झकास आकडा दाखवणारा जुना डिटेक्टर रात्री कमी वेगावर मुका होतो, आणि रात्रीच इमारतीत माणसं नसतात. म्हणून व्हीएफडी सर्वांत कमी वेगावर आणून मोजा. एएमसीच्या कामात ही एकच सुधारणा करायची असेल तर मी हीच सुचवेन.

आकडा कमी आला तर घाबरून डिटेक्टर बदलू नका. दोष बहुतेक वेळा नळीत किंवा सीलमध्ये सापडतो. साफसफाईसाठी काढलेली नळी परत बसवताना फिरते आणि भोकं वाऱ्याकडे पाठ करतात. फ्लॅंजवर बाणाची खूण असते, ती डक्टमधल्या हवेच्या दिशेशी जुळवा, पण त्याआधी हवेची दिशा कागदी पट्टी धरून स्वतः पाहा, ड्रॉइंगवर विसंबू नका. लांब नळीच्या टोकाला बूच असतं, ते हरवलं की टोकातूनच हवा शिरते आणि भोकांचा उपयोग संपतो. नळी डक्टच्या रुंदीच्या निदान दोन-तृतीयांश लांबीची हवी. साधारण तीन फुटांहून लांब असेल तर तिचं दुसरं टोक डक्टच्या पलीकडच्या भिंतीत टेकवावं लागतं, नाहीतर ती वाऱ्यात थरथरते आणि हळूहळू फिरते. डक्टला जिथून नळ्या आत जातात तिथला फोमचा गास्केट आणि डब्याच्या कव्हरचा गास्केट दोन्ही दाबून पाहा. रिटर्न डक्टमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे सैल कव्हरमधून सीलिंगवरची हवा आत ओढली जाते आणि डिटेक्टर डक्टची हवा सोडून सीलिंगची हवा तपासत बसतो.

जागा चुकलेली असेल तर ती गोष्ट वेगळी. वळणाच्या, डॅम्परच्या (डक्टमधल्या झडपेच्या) किंवा फाट्याच्या लगेच पुढे हवा घुसळलेली असते. तिथून डक्टच्या रुंदीच्या सहापट अंतर सरळ डक्ट मिळावा असं उत्पादक सांगतात. आपल्याकडच्या एएचयू रूममध्ये इतका सरळ डक्ट क्वचितच मिळतो, हे मान्य. मग मिळेल त्या जागी बसवून मॅनोमीटरने सिद्ध करायचं आणि तो आकडा नोंदवून ठेवायचा.

हवा येते हे ठरलं की मग धूर. इथं माझी एक कळकळीची विनंती आहे: अगरबत्ती, सिगारेट, जळता कागद किंवा कापसाचा बोळा वापरू नका. अगरबत्तीच्या धुरात तेलकट अंश असतो, तो डोक्याच्या चेंबरमध्ये चिकटतो आणि सहा महिन्यांनी तोच डिटेक्टर खोट्या अलार्मसाठी शिव्या खातो. स्मोक डिटेक्टरच्या चाचणीसाठी बनवलेला एरोसोलचा कॅन मिळतो, तोच आणा. मी शक्यतो डक्टमध्येच, डिटेक्टरच्या आधी, हवा येते त्या बाजूला छोटं भोक पाडून तिथून फवारतो आणि नंतर त्या भोकाला रबरी बूच लावून ठेवतो, पुढच्या खेपेला कामाला येतं. धूर नळीतून स्वतःच्या वाटेने डब्यात यावा आणि डिटेक्टर बोलावा, ही सगळ्यांत पूर्ण चाचणी. ते जमत नसेल तर मॅनोमीटरचा आकडा आणि डब्यात दिलेला धूर असं दोन्ही मिळून चालतं. नुसतं एक चालत नाही.

संवेदनशीलता ही तिसरी बाब. डोक्यात धूळ साचली की ते एकतर फार हळवं होतं किंवा बहिरं. ॲड्रेसेबल पॅनेल (प्रत्येक डिटेक्टर वेगळा ओळखणारं) असेल तर प्रत्येक डिटेक्टरची ॲनालॉग किंमत, म्हणजे डोक्याचं त्या क्षणीचं वाचन, पॅनेलवरच वाचता येते, शिडीही लागत नाही. एनएफपीए ७२ ह्या अमेरिकन फायर अलार्म मानकाप्रमाणे डक्ट डिटेक्टरची नजरेने पाहणी दर सहा महिन्यांनी, प्रत्यक्ष चाचणी दर वर्षी, संवेदनशीलता बसवल्यापासून एका वर्षात आणि मग एक वर्षाआड. निकाल ठरलेल्या मर्यादेत टिकून राहिले तर हे अंतर पाच वर्षांपर्यंत वाढवता येतं. पुण्याच्या बांधकामांच्या धुळीत मी पाच वर्षं थांबणार नाही. शेजारी फिटआउट चालू असेल, कुणी पीओपी घासत असेल, तर काम संपल्या संपल्या किंमती वाचा. आणि साफ करताना आधी डोकं काढा, मग नळ्यांतून कॉम्प्रेस्ड एअर मारा. डोकं जागेवर ठेवून हवा मारली तर सगळी धूळ चेंबरमध्ये जाते.

आता ज्या भागात मला सर्वांत जास्त दोष सापडतात तो. डिटेक्टर बोलला, पण एएचयू थांबला का? डक्ट डिटेक्टर बसवायचा उद्देशच तो आहे. माणसांना लवकर सावध करण्याचं काम त्याचं नाही, ते खोल्यांमधल्या डिटेक्टरांचं. डक्टमध्ये दहा खोल्यांची हवा मिसळून धूर पातळ होतो, आणि एएचयू बंद असेल तर डक्ट डिटेक्टर आंधळाच असतो. त्याचं काम एकच: एका खोलीतला धूर पंख्याने मजलाभर पसरू नये.

९ डिसेंबर २०११ च्या पहाटे कोलकात्याच्या ढाकुरिया भागातल्या खासगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. ज्वाळा वरच्या मजल्यांवर पोहोचल्याच नव्हत्या, धूर पोहोचला. नव्वदच्या आसपास माणसं गेली, त्यातली बहुतेक अंथरुणावरचे रुग्ण, आणि बहुतेक गुदमरून. त्याआधी २१ नोव्हेंबर १९८० ला अमेरिकेत लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलमध्ये हेच झालं होतं: आग खालच्या कॅसिनोत, ८५ मृत्यू, आणि त्यातले बहुसंख्य वरच्या मजल्यांवर, धुराने. जिने, लिफ्टचे शाफ्ट आणि वातानुकूलनाच्या वाटा, सगळीकडून धूर वर चढला होता. डक्ट डिटेक्टरचं काम मी इतकं मनावर का घेतो ते ह्यावरून कळेल.

तर एएचयूसमोर उभे राहा आणि डिटेक्टर ट्रिप करवा. पंख्याचा शाफ्ट डोळ्यांनी थांबताना पाहा. पॅनेलवर "एएचयू ट्रिप" असं दिसणं म्हणजे एएचयू थांबणं नव्हे. मग तीच चाचणी स्टार्टरचा (पंख्याची मोटर चालू-बंद करणाऱ्या पॅनेलचा) सिलेक्टर स्विच "ऑटो"वरून "मॅन्युअल"वर टाकून पुन्हा करा. अनेक पॅनेलांत ट्रिपचा कॉन्टॅक्ट फक्त ऑटोच्या वायरीत घातलेला असतो. एसीवाल्या फिटरने एकदा मॅन्युअलवर टाकून ठेवलं की आग लागली तरी पंखा फिरतच राहतो. व्हीएफडीला बायपास (तिला वगळून मोटर थेट चालवायची सोय) असेल तर बायपासमध्येही एकदा करा. ट्रिप केवळ बीएमएसच्या (इमारतीच्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या) सॉफ्टवेअरमधून येत असेल तर मी ते मान्य करत नाही. डिटेक्टरच्या किंवा कंट्रोल मॉड्यूलच्या रिलेपासून स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटपर्यंत थेट वायर हवी. बीएमएसचा सर्व्हर ज्या दिवशी बंद असेल त्याच दिवशी धूर येऊ शकतो.

डॅम्परही त्याच वेळी पाहा. मोटरवाला, स्प्रिंगने बंद होणारा डॅम्पर असेल तर पाती खरंच पूर्ण मिटली का ते इन्स्पेक्शन दारातून बघा, ॲक्च्युएटरवरच्या (पाती फिरवणाऱ्या मोटरवरच्या) काट्यावर भरवसा ठेवू नका. मी काटा "बंद" आणि पाती अर्धी उघडी असं पाहिलेलं आहे, कारण शाफ्टचा स्क्रू सैल होता. फक्त फ्युजिबल लिंकचा (उष्णतेने वितळणाऱ्या धातूच्या दुव्याचा) डॅम्पर असेल तर तो दुवा साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतो, गार धुराला डॅम्पर बंद होणार नाही हे लक्षात ठेवा. आणि डॅम्पर मिटला पण पंखा चालू राहिला तर डक्टचा पत्रा फुगतो, म्हणून दोन्ही एकत्र तपासायचे. तळघराचे धूर बाहेर काढणारे पंखे मात्र ह्या ट्रिपमध्ये चुकूनही जोडलेले नसावेत.

तुमच्या तिसऱ्या मजल्याकडे येतो. खोट्या अलार्मचं कारण बहुतेक वेळा पॅनेलच्या इव्हेंट लॉगमध्येच असतं, फक्त वेळा वाचायच्या. सकाळी एएचयू सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात ट्रिप होत असेल तर मला दमटपणाचा संशय येतो: रात्रभर बंद डक्टमध्ये दमट हवा भरते, सकाळी एएचयूच्या गार कॉइलवरून (हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जुडीवरून) ती गेली की धुकं होतं, आणि प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरला धुकं आणि धूर सारखेच. डिटेक्टर सप्लाय डक्टवर, कॉइलच्या लगेच पुढे असेल तर तर जवळपास खात्रीच. कॉइलच्या तोंडाशी हवेचा वेग ५०० फूट प्रति मिनिटाच्या वर गेला तर पाण्याचे थेंबही उडून पुढे येतात. ड्रेन पॅन तुंबलेला आहे का तेही बघा. उपाय म्हणजे डिटेक्टर पुढे सरकवणं, डब्याला इन्सुलेशन करणं आणि गास्केट बदलणं. नवा डिटेक्टर त्याच जागी लावला तर तोही तेच करेल.

ट्रिप संध्याकाळी सहा-सातला होत असेल तर सोसायटीत किंवा रस्त्यावर डासांसाठी फॉगिंग कधी होतं ते विचारा, फ्रेश एअरच्या लूव्हरमधून (बाहेरची हवा घेणाऱ्या झरोक्यातून) तो धूर थेट आत येतो. वीज गेल्यावर दहा मिनिटांत होत असेल तर डीजीचा (डिझेल जनरेटरचा) एक्झॉस्ट कुठे सुटतो ते पाहा. पावसाळ्यात रीहीटचे (गार केलेली हवा किंचित गरम करणारे) हीटर वर्षात पहिल्यांदा लागले की त्यावरची धूळ जळते. कोणत्याही वेळी, आणि जळक्या रबराचा वास येत असेल, तर पंख्याचा व्ही-बेल्ट घसरतो आहे, आणि तो अलार्म खोटा नाही, डिटेक्टरने आपलं काम केलं आहे.

कारण सापडेपर्यंत डिटेक्टर बंद ठेवण्याऐवजी पॅनेलवर त्याचा संकेत सुपरवायझरी (अलार्मऐवजी केवळ सूचना देणारा) करून घ्या: हूटर वाजणार नाहीत, इमारत रिकामी होणार नाही, पण एएचयू थांबेल आणि सुरक्षा कक्षात संदेश येईल. खरं तर सगळेच डक्ट डिटेक्टर असे ठेवणं मला योग्य वाटतं, फक्त सुरक्षा कक्षात चोवीस तास माणूस हवा आणि त्या संदेशानंतर त्याने कुठे जाऊन काय पाहायचं हे त्याला लेखी दिलेलं हवं.

चाचणीच्या दिवशी हूटर आणि लिफ्टचे आउटपुट तेवढे बंद करा, डिटेक्टर नव्हे. इमारतीत दवाखाना असेल तर शस्त्रक्रियेचं वेळापत्रक विचारल्याशिवाय त्या एएचयूला हात लावू नका. काम झाल्यावर बंद केलेली प्रत्येक गोष्ट चालू झाली हे पॅनेलच्या डिसेबल यादीवर दोघांनी मिळून पाहायचं, यादी रिकामी दिसली की त्याचा फोटो रिपोर्टला जोडायचा.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. तुमच्या चौदा डिटेक्टरांचं हे काम त्याला जोडून घ्या. दोन माणसं आणि एसीचा एक फिटर असेल तर दिवसाला चार ते पाच एएचयू नीट होतात, म्हणजे तीन-चार दिवस. एएमसीच्या पुढच्या करारात हे शब्द घाला: प्रत्येक डक्ट डिटेक्टरसाठी दाबातला फरक, तेव्हाचा पंख्याचा वेग, धूर दिल्यापासून अलार्मपर्यंतचे सेकंद, ॲनालॉग किंमत, आणि ऑटो व मॅन्युअल दोन्हींत पंखा थांबला का. दर वाढवून मागतील, ते रास्त आहे, द्या. तिसऱ्या मजल्याचे लॉगमधले वेळ आणि डिटेक्टर कॉइलपासून किती अंतरावर आहे ते कळवलंत तर नेमकं काय करायचं ते सांगू शकेन.